मेणवलीचा वाडा बघायचाय? सासूबाईंना घेऊन जा

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. सांगलीहून पहाटे निघालो, पाचवडला वळलो. वाटेत एका हॉटेलात पाणचट मिसळ खाल्ली, तिचं सोडून देते.

बरोबर सासूबाई, वय ८२, माहेर एका वाड्यातलं. मेणवलीचा वाडा सहा चौकांचा. मी चौक मोजत होते, त्या उंबरे मोजत होत्या, कारण गुडघे त्यांचे. जिना आला की पदर खोचून "तू हो पुढं" म्हणायच्या.

एका खोलीत कोनाड्यापाशी थबकल्या. कोनाडा माझ्या कमरेच्या जरा वर. मी म्हटलं, किती खाली काढलाय. "खाली नाही गं. बसून बघ." बसले. दिवा बरोबर खांद्याच्या वर आला असता, उजेड मांडीवरच्या कागदावर. "हा लिहिणाऱ्याचा. बायकांचा कोनाडा उभ्यानं हात पोचंल असा असतो, जाता-येता काडेपेटी टाकायला." नानांच्या कागदांचं मेणवली दफ्तर मी नुसतं ऐकून होते. ते लिहायला माणसं बसायची कुठं, याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला. काडेपेटी नानांच्या काळात नव्हती, हे मात्र मी त्यांना बोलले नाही.

गर्दी सगळी नानांच्या पलंगापाशी, फोटोला. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच : "ढेकणं झाली की हा उन्हात काढायचा कुणी?" शेजारचे एक काका एवढे हसले, की फोटो हलला. भिंतींवरची चित्रं सासूबाईंनी भराभर उरकली. मी रेंगाळले, तुम्हीही रेंगाळा.

मागं कृष्णेचा घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. तिथली घंटा चुकवू नका. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हाची पोर्तुगीज चर्चमधली. वर १७०७ साल आणि बाळाला घेतलेली मेरी.

सासूबाईंना घंटेत रस नव्हता. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी पाण्यात पाय सोडले. २०१९ ला हीच नदी आमच्या स्वयंपाकघरात शिरली होती, पिठाच्या डब्यापर्यंत.

"इथं बघ कशी गरीब गाय," म्हणाल्या, आणि पिशवीतलं भडंग काढलं.