दांडिया बाजारातील एका इंग्रजी वर्गाचा ‘पुट ऑफ’चा तास

बडोद्यात आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग पुष्कळ आहेत; परंतु क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ असे शब्द जोडून होणाऱ्या फ्रेझल व्हर्बसाठी स्वतंत्र तास ठेवणारा वर्ग मला दांडिया बाजारातच आढळला. पुढे काही तक्रारी करायच्या असल्याने त्याचे नाव देत नाही. येथे एका तासाला एकच क्रियापद घेतात. ‘पुट ऑफ’चा तास हा या पद्धतीचा उत्तम नमुना होता.

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. चुका होतात त्या रचनेत. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही रूपे चालतात, पण नामाच्या जागी सर्वनाम आले की ते मध्येच बसते: ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. पुढे दुसरे क्रियापद आले तर ते ‘गोइंग’सारख्या रूपात येते, ‘टु गो’ असे नव्हे. ‘जाणे लांबणीवर टाकले’ या आपल्या वाक्यातील ‘जाणे’ आपण नकळत ‘टु गो’ करून टाकतो, हे बाईंनी फार नेमके दाखवले. शिवाय ‘पुट’चे भूतकाळी रूप बदलत नसल्यामुळे ‘दे पुट इट ऑफ’ हे वाक्य आजचे की कालचे, हे संदर्भावरूनच ओळखावे लागते. आयईएलटीएसच्या श्रवण परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, त्यामुळे ही बाब क्षुल्लक राहत नाही.

‘कॉल ऑफ’शी होणारी गल्लतही वेळीच दूर केली गेली. पावसामुळे सामना रविवारवर गेला तर ‘पुट ऑफ’, आणि रद्दच झाला तर ‘कॉल ऑफ’.

तासाचा सर्वांत रंगलेला भाग दुसऱ्या अर्थाचा होता. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ म्हणजे त्या वासाने अन्नावरची वासना उडाली. माणसाच्या बोलण्याने वा वागण्याने मन विटले तरी हेच क्रियापद येते, आणि त्यावरून ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषणही झाले आहे. कोणी हसत राहिल्याने भाषण करणाऱ्याचे लक्ष विचलित होते, तेव्हा ‘यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणतात. येथे मात्र बाईंनी उदाहरणे अपुरी दिली. हा अर्थ ब्रिटिश बोलण्यात वारंवार भेटतो, त्यामुळे त्याला अधिक वेळ मिळायला हवा होता.

एका विधानाशी मी सहमत नाही. ‘लाइट पुट ऑफ करा’ असे आपल्या घरोघरी म्हणतात, आणि वर्गात ही निव्वळ भारतीय चूक ठरवली गेली. ‘करा’ हे अर्थातच आपले; पण दिवा बंद करणे या अर्थी ‘पुट ऑफ’ ब्रिटिश बोलण्यातही आहे. ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ अधिक रूढ आहे, एवढेच सांगणे पुरेसे होते. तसेच जिथे तिथे फ्रेझल व्हर्ब वापरा, हा वर्गातील आग्रह तोंडी परीक्षेपुरता ठीक आहे. कार्यालयीन पत्रात आणि औपचारिक निबंधात मात्र ‘पोस्टपोन’ अधिक शोभते.

सोबत विकली जाणारी पुस्तिका निराशाजनक आहे. तिच्यात ‘पुट ऑफ’पुढे गुजरातीत आणि मराठीत सारखाच चालणारा ‘मुलतवी’ हा एकच शब्द छापला आहे. वर्गात जे समजते त्याचा या पुस्तिकेत मागमूस नाही, आणि सर्वनामाचा नियम तर कुठेच नाही.

वर्ग बहुतांशी गुजरातीत चालतो; अडेल तिथे बाई मराठीत समजावतात. संध्याकाळच्या तुकडीत गर्दी असते आणि वाहन लावायला जागा मिळत नाही, म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी सकाळची तुकडी घ्यावी. बुडालेला तास पुन्हा घेत नाहीत. पुस्तिकेचे पैसे वेगळे असून ती घेणे सक्तीचे नाही.