साबणाचा साचा आणि साबण कापायची तार: सांगलीत बरेच महिने वापरून

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात अंगाला लावायचा विकतचा साबण आलेला नाही. खोबरेल, शेंगतेल आणि थोडं एरंडेल घेऊन कॉस्टिक सोड्याचा साबण मी घरीच करते. तेलाचं प्रमाण, कॉस्टिकचा हिशेब हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यात शिरत नाही. साबण ओतायचा कशात आणि वड्या पाडायच्या कशाने, एवढंच लिहिते. सांगली-मिरजेत बेकरीचं दुकान, हार्डवेअर, पाइपवाला, सुतार असं फिरूनच हे सामान मला जमवावं लागलं. पुण्याला जाणं होत असेल तर रविवार पेठेत, बोहरी आळीत एक चक्कर मारा, पण त्यावाचून अडत नाही.

माझं मत आधीच सांगते. पैसे साच्यावर कमी घाला, कापायच्या साधनावर जास्त घाला. साचा कुठलाही असला तरी साबण आतून तोच. पण वडी तिरकी कापली गेली की एका बाजूने पातळ राहते, वापरताना तिकडूनच झिजून मोडते. शिवाय जाड बाजू वाळायला वेळ घेते.

सुरुवातीला ऑनलाइन मागवलेला सिलिकॉनचा लांबट साचा वापरला. फोटोत भरभक्कम दिसत होता, हातात आला तो बोटाने दाबला तरी वाकणारा. किलोभर साबण ओतला की लांब बाजूंना पोट सुटतं आणि मधल्या वड्या रुंद, टोकाच्या अरुंद निघतात. दोन्ही बाजूंना विटा लावून काम चालतं, पण घ्यायचाच असेल तर लाकडी पेटीसकट मिळतो तो घ्या. सिलिकॉनचा दुसरा त्रास पावसाळ्यात कळतो. त्यातून पाणी बाहेर जायला वाटच नसते, त्यामुळे एरवी दुसऱ्या दिवशी सुटणारा साबण जुलैत तीन दिवस ओलसर राहतो आणि ओढला की कोपरे साच्यातच. अशा वेळी साचा दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवावा, साबण अलगद सुटतो. बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटतो. तो पुसायचा नाही, पंख्याखाली आपोआप वाळू द्यायचा.

गुलाब, कमळ, षटकोन असे एकेका वडीचे साचे मुलांना आवडतात आणि कापायची कटकट नसते. पण एवढा छोटा गोळा लवकर थंड होतो. मोठ्या साच्यातला साबण स्वतःच्या उष्णतेने तापून पारदर्शक दिसायला लागतो, तसा हा तापत नाही आणि बरेच दिवस मऊ राहतो. पाकळ्यांच्या कडा बोटाला लागून येतात. भेट द्यायला ठीक, रोजच्याला नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे केकचे, पावाचे डबे बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. आकार अगदी हवा तसा, किंमत कमी, म्हणून मोह होतो. ताज्या साबणातलं कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, हायड्रोजन वायू सुटतो, भांडं काळं पडतं आणि साबणही वाया जातो. हलवायला ॲल्युमिनियमचा चमचासुद्धा नको. स्टेनलेस स्टीलला काही होत नाही, पण कडक डब्यातून साबण बाहेर काढणं जिकिरीचं, म्हणून स्टीलचा डबा फक्त कालवायला.

आता माझ्याकडे कायमची राहिली आहे ती लाकडी पेटी. ओळखीच्या मिस्त्रींनी पॅकिंगच्या पाइनच्या फळ्यांची करून दिली, सिलिकॉनच्या साच्याच्या निम्म्या पैशांत. आतलं माप २० सेंटिमीटर लांब, साडेसात रुंद, सहा खोल. लांबीची एक फळी दोन विंग नटांवर, म्हणजे हाताने फिरवता येणाऱ्या कानवाल्या नटांवर, बसवलेली आहे. नट सैल केले की फळी निघते आणि साबण बाजूने सरकवून काढता येतो. पेटी करून घेणार असाल तर ही सुटी फळी नक्की सांगा. चारी बाजू खिळ्यांनी ठोकलेल्या पेटीतून साबण उपसून काढावा लागतो.

पेटीत किती तेलाचा साबण मावेल याचा हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि आलेल्या आकड्याला ०.६९ ने गुणायचं. जे येईल तितके ग्रॅम तेल. माझ्या पेटीचे ९०० होतात, म्हणजे ६२० ग्रॅम, मी ६०० धरते. अडीच सेंटिमीटरला एक याप्रमाणे आठ वड्या पडतात. ओली वडी ११० ग्रॅमच्या आसपास भरते, ४ ते ६ आठवडे वाळून शंभराच्या आत येते.

लाकडाला आतून कागद लावावाच लागतो. मिठाई गुंडाळायचा साधा बटर पेपर इथे कामाचा नाही, तो भिजून साबणाला चिकटतो आणि नखाने खरवडत बसावं लागतं. बेकिंगसाठीचा, न चिकटणारा कागद बघून घ्या. लांब बाजूंना मी झेरॉक्सच्या दुकानातली स्पायरल बाइंडिंगची जाड पारदर्शक शीट कापून लावते. धुऊन पुन्हा वापरता येते आणि साबणाची बाजू आरशासारखी गुळगुळीत निघते. उष्णतेने ती थोडी वाकते, पण तिच्यात साबणाचे बरेच घाणे निघतात.

गोल वड्या हव्या असतील तर पीव्हीसी पाइप उत्तम. आपल्याकडे द्राक्षबागांमुळे शेतीच्या पाइपांची दुकानं गावोगाव आहेत. ७५ मिलिमीटरचा हातभर तुकडा कुणीही किरकोळ पैशांत देतं. आतून कागदाची गुंडाळी, खालच्या तोंडाला प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी. साबण घट्ट झाला की बाटलीने ढकलायचा, सळसळत बाहेर येतो.

आता कापणं. घरातल्या सुरीचं पातं पाठीकडे जाड असतं. साबण मऊ असेल तर पात्याला चिकटतो, घट्ट असेल तर निम्म्यात गेल्यावर तडकतो. बेकरीवाले कणीक कापतात ती स्टीलची सरळ पट्टी बरी, पण खाली जाताना हाताच्या दाबाने हमखास कलते. नागमोडी पात्याने नक्षी छान उठते, तेवढंच. यावर उपाय एकच, ताणलेली बारीक तार. तारेला जाडी नसल्यामुळे ती साबण फाकवत नाही, कापते.

तयार तारेचा कटर महाग वाटला, म्हणून हार्डवेअरमधून हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीची, फ्रेम आणली. पातं काढलं आणि त्याच दोन खुंट्यांवर तार अडकवली. ताण द्यायला फ्रेमचा विंग नट असतोच. आधी लावलेली, सळया बांधायची बाइंडिंगची तार दुसऱ्या वडीलाच सैल पडली. मग मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले. ज्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे चांगली तार मिळणार हे उघड होतं. तिथल्या दुकानातल्या चाचांनी विचारलं, "सतारीला पाहिजे का तंबोऱ्याला?" साबण कापायचा म्हटल्यावर त्यांनी दोन-तीन गुंडाळ्या काढून ठेवल्या, एकेक ताणून बोटाने वाजवून दाखवली आणि म्हणाले, "ही पोलादी घ्या ताई, ताण सोडणार नाही. पितळी कापेल, पण लांबत जाईल." पितळी तार साबणाला दुसऱ्या कारणानेही नको. तांब्याचा अंश लागला की तेल लवकर खवट होतं आणि वड्यांवर नारिंगी डाग येतात. चाचांनी टोकाला फास कसा घालायचा तेही दाखवलं. तार स्वतःभोवती एकमेकांना लागून वेढे देत पिळायची, नुसती गाठ मारली तर तिथेच तुटते. आता कापायच्या आधी मी तार बोटाने छेडून बघते. टणत्कार आला तर ताण बरोबर, बद्द वाजली तर नट अजून एक फेरा.

नुसती फ्रेम हातात धरून सरळ कापता येत नाही, खाली माइटर बॉक्स पाहिजे. फोटो फ्रेमवाल्यांकडे असतो तो, दोन भिंतींमध्ये खाचा असलेला. काटकोनातल्या खाचेपासून अडीच सेंटिमीटरवर एक लाकडी ठोकळा ठोकून घेतला. साबण ठोकळ्याला टेकवायचा, तार खाचेतून खाली. प्रत्येक वडी सारखी.

उटण्याचा किंवा ओट्सचा साबण असेल तर तारेबरोबर कण ओढले जाऊन वडीवर रेघा उठतात. असा साबण आडवा पाडून कापावा. वर सुक्या पाकळ्या लावल्या असतील तर त्याही तारेबरोबर आत शिरत नाहीत. हळद बारीक वस्त्रगाळ असेल तर रेघ येत नाही. कॉस्टिकने ती आधी लालसर होते, नंतर मोहरीसारख्या रंगावर स्थिरावते. सिलिकॉनला मात्र तिचा डाग कायमचा.

कधी कापायचा हे तेलावर आहे. खोबरेल जास्त असेल तर साबण लवकर कडक होतो, बारा-पंधरा तासांतच कापावा, उशीर झाला की कडा ढासळतात. शेंगतेल जास्त असेल तर दीड-दोन दिवस थांबावं. मिठाचा साबण तर काही तासांत, कोमट असतानाच कापायचा. बोटाने दाबून चीजच्या चौकोनाइतका घट्ट लागला की वेळ झाली. हातमोजे घालूनच दाबा, पहिल्या दिवशी साबण अंगाला झोंबतो. कडा बटाट्याच्या सोलाण्याने तासल्या की हाताला बोचत नाहीत.

मैत्रिणी विकायचं सुचवतात. विक्रीसाठी साबण करायचा तर सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना लागतो, त्यामुळे मी घर आणि भावाबहिणींपुरताच करते.

काम झालं की तार कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडी पुसा आणि नट सैल करून ठेवा. पोलादाला ओल राहिली की गंज धरतो आणि पुढच्या साबणावर तांबूस रेघ उमटते. माझी एक तार बरेच महिने चालते, आणि गुंडाळी एवढी मोठी आहे की ती संपायची चिंता नाही. अडचण राहिली आहे ती गोल साबणाची. पाइपमधला साबण माइटर बॉक्समध्ये कापताना लोळतो. दोन फळ्या तिरक्या जोडून त्याला पन्हळीसारखी बैठक करायला मिस्त्रींना सांगितलंय, गणपती झाले की देतो म्हणालेत.