ट्रेकच्या बॅगेत कुठला लायटर: चाकवाला, जेट, झिपो की प्लाझ्मा?

पाऊस सुरू झाला की राजगड, तोरणा, अंधारबन, हरिश्चंद्रगड सगळीकडे गर्दी होते आणि नवीन ट्रेकर लोकांची खरेदी सुरू होते, शूज आणि पोंचोवर हजारो रुपये जातात आणि लायटर मात्र निघताना टपरीवरून हाताला येईल तो उचलला जातो. मला हे खरंच खटकतं. भिजलेला माणूस वाऱ्यात बसून राहिला तर वीस डिग्रीतसुद्धा गारठून जातो, उतरायला उशीर झाला, कुणाचा पाय मुरगळला, गुहेत नाहीतर देवळात रात्र काढायची वेळ आली, तर स्टोव्ह पेटून गरम पाणी मिळणं फार मोठी गोष्ट असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खडा आणि चाक असलेला साधा पारदर्शक गॅस लायटर घ्या, दोन घ्या, एक खिशात आणि एक बॅगेत झिपलॉकमध्ये. बाकीचे प्रकार वाईट आहेत असं नाही, पण प्रत्येकाला एकेक अट आहे आणि अडचणीच्या वेळी नेमकी तीच अट आडवी येते.

चाकवाला का, तर त्यात बिघडायला फारसं काही नाहीच. खाली स्प्रिंग, त्यावर फेरोसेरियमचा छोटा खडा, त्यावर खरखरीत चाक, अंगठ्याने चाक फिरलं की ठिणगी पडते आणि बटण दाबलं की गॅस सुटतो. पाण्यात पडला तर बंद पडतो हे खरंय, पण परत चालू करता येतो. आधी जोरात झटकायचा, चाकाच्या फटीत फुंकर मारायची, मग बटण न दाबता चाक कोरड्या कापडावर घासत फिरवत राहायचं, बनियनचा आतला कोरडा भाग मिळाला तर उत्तम. सुरुवातीला काहीच होत नाही, चाकाच्या दातांत ओल्या खड्याची काळी पेस्ट अडकलेली असते ती कापडाला लागत राहते, मग एखादी लालसर ठिणगी दिसते, मग नीट पांढऱ्या ठिणग्या यायला लागतात आणि तेव्हाच बटण दाबायचं. हे घरी एकदा मुद्दाम लायटर भिजवून करून बघा, गडावर अंधारात पहिल्यांदा करायला जाऊ नका. आणि गॅस संपला तरी ठिणगी शिल्लक राहते.

याचा तोटा म्हणजे वारा. दोन्ही हातांचा आडोसा करूनसुद्धा कड्यावरच्या वाऱ्यात ज्योत टिकत नाही. दुसरा तोटा, बॅगेत कशाखाली तरी बटण दाबलं गेलं तर गॅस हळूहळू निघून जातो आणि वेळेला लायटर रिकामा. त्यावर उपाय सोपा आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बटणाखाली बसेल अशी लायटरला गुंडाळायची. हीच ट्यूब ओली असली तरी पुसून पेटवली की काळा धूर सोडत बऱ्यापैकी वेळ जळते, म्हणजे एकाच पट्टीत दोन कामं. (धूर घाण असतो, त्यामुळे उघड्यावरच.)

जेट लायटर, म्हणजे निळ्या आवाज करणाऱ्या ज्योतीचा, वाऱ्यात खरंच भारी चालतो आणि ज्योत खूप गरम असते. पण त्याचं नोझल इतकं बारीक असतं की हलक्या दर्जाचा रिफिल गॅस भरला की कचरा अडकतो. शिवाय बहुतेक जेट पिझो बटणावर, म्हणजे दाबलं की विजेची ठिणगी पाडणाऱ्या बटणावर चालतात, त्यात ठिणगी एका तारेच्या टोकावर पडते आणि ते टोक ओलं झालं किंवा जरा वाकलं की नुसतं टिक टिक टिक. उंचीवर हवा विरळ झाली की हे प्रकरण अजून नखरे करतं. आपल्याकडे कळसूबाई १,६४६ मीटर, त्यामुळे सह्याद्रीत उंचीचा त्रास नाही, पण हिमालयातल्या केदारकंठासारखा ३,८०० मीटरच्या आसपासचा ट्रेक करणार असाल तर एकट्या जेटवर विसंबू नका. दुसरा लायटर म्हणून ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा.

झिपोबद्दल लोक भावुक होतात आणि मला ते समजतं, १९३३ पासून अमेरिकेतल्या ब्रॅडफर्डला बनतोय, हातात वजन जाणवतं, वाऱ्यात पेटतो, एकदा पेटवला की बोट न लावता जळत राहतो, दुरुस्त होतो. पण त्यात गॅस नसतो, कापसात भिजवलेलं नॅफ्थासारखं लिक्विड असतं आणि ते वापरलं नाही तरी उडून जातं. आज भरून ठेवला आणि थोड्या आठवड्यांनी काढला तर कोरडा ठणठणीत. रोज वापरणाऱ्याला काही फरक पडत नाही, पण इमर्जन्सीची वस्तू म्हणजे महिनोन्महिने पडून राहणारी वस्तू, आणि तिथेच झिपो मागे पडतो. भेट म्हणून सुंदर आहे, फर्स्ट एड पाऊचमध्ये ठेवायला नाही. लिक्विड उडू नये म्हणून मुद्दाम रबर रिंगचं स्क्रूचं झाकण असलेले छोटे कॅप्सूल लायटर मिळतात, तो प्रकार त्यापेक्षा बरा.

प्लाझ्मा किंवा आर्क लायटर, यूएसबीवर चार्ज होणारा आणि दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडणारा, घरात देवापुढचा दिवा, उदबत्ती, मेणबत्ती लावायला मस्त. बाहेर नको. बॅटरी उतरते, थंडीत अजून लवकर, चार्जिंगच्या भोकात पाणी गेलं की संपलं, आणि दोन टोकांतली फट एवढी अरुंद की काटकी आतच जात नाही.

स्वयंपाकघरातला टकटक लायटर बरेच जण नेतात, तो कॅनिस्टर स्टोव्हला (छोट्या गॅसच्या डब्यावर चालणाऱ्या) चालतो कारण तिथे गॅस आधीच सुटलेला असतो, पण त्याला स्वतःची ज्योत नाही हे लक्षात ठेवा. काडेपेटी १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांना झाली तरी अजून सगळ्यात स्वस्त, फक्त जुलैच्या हवेत तिची बाजूची पट्टी मऊ पडते आणि काडीचं डोकं घासलं की निघून येतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डबीतच न्यायची.

फेरो रॉड, म्हणजे फेरोसेरियमची कांडी आणि ती घासायची पट्टी, लायटर नाही पण त्याचा पक्का जोडीदार आहे. भिजला तर पुसा आणि वापरा, गॅस नाही, बॅटरी नाही, वर्षानुवर्षं पडून राहिला तरी चालतो आणि ठिणगी ३,००० डिग्रीच्या आसपास जाते. नवीन रॉडवर काळं कोटिंग असतं ते आधी खरवडून काढा. पट्टी पुढे ढकलायची नाही, पट्टी स्थिर धरून रॉड मागे ओढायचा, म्हणजे रचलेलं सगळं उधळत नाही. पण ठिणगी पकडायला कापसासारखं काहीतरी लागतं आणि सराव लागतो, गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकता येत नाही.

आणि खरं सांगू का, कुठलाही लायटर घेतलात तरी ओलं लाकूड नुसत्या ज्योतीने पेटत नाही, मध्ये काहीतरी लागतं. लोक ऑनलाइन महागडे फायर स्टार्टर मागवतात, आपल्याकडे पुण्यात तुळशीबागेत फुलवाती आणि कापूर मिळतो की! फुलवातीला व्हॅसलिन चोळून ठेवा, वापरताना पिंजून कापूस मोकळा करा, फेरो रॉडच्या ठिणगीवरसुद्धा पेटतो. कापूर ज्योत लागली की लगेच धरतो, वडी पाण्यावर तरंगतानासुद्धा जळते, फक्त हवेत उडून जातो म्हणून हवाबंद डबी हवी.

विकत घेताना टपरीवर सरळ दहा वेळा पेटवून बघा, लाजायचं काही कारण नाही. बटण सोडल्यावर लगेच वर यायला हवं, ज्योत पूर्ण विझायला हवी, कानाशी धरल्यावर सूं आवाज येता कामा नये, आतला गॅस बाहेरून दिसायला हवा. २०२३ च्या जूनमध्ये सरकारने आयात किंमत २० रुपयांच्या आत असलेल्या सिगारेट लायटरची आयात बंद केली, त्यामुळे एकदम स्वस्तातला माल समोर आला तर जास्त नीट तपासून घ्या. आयएसओ ९९९४ हे लायटरच्या सुरक्षिततेचं मानक, तो उल्लेख पॅकवर असेल तर बरंच. आणि एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर लायटर अजिबात ठेवू नका, ५० डिग्रीच्या वर नेऊ नका असं त्यावरच लिहिलेलं असतं आणि उन्हातली बंद गाडी तिथपर्यंत सहज जाते.

घरातल्या इमर्जन्सीचंही बघा. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडवर एकता नगरीत पाणी शिरलं तसं कधी झालं, लाईट गेली, तर लायटर लावायच्या आधी सिलेंडरचा वास येतोय का ते बघा. वास आला तर टॉर्चच, लायटर नाही.

गडावर शेकोटीसाठी म्हणून हे सगळं वाचत असाल तर मात्र थांबा. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, भीमाशंकरसारख्या अभयारण्यात नियम अजून कडक, आणि फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली की डोंगरच्या डोंगर वणव्यात जातात, सिंहगड परिसरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. स्टोव्ह, आणि तोही परवानगी असेल तिथेच. लाकूड फक्त जिवावर बेतलं तर.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ब्युटेन उणे अर्ध्या डिग्रीच्या खाली वायू होत नाही, लायटर भरलेला असूनही पेटत नाही, म्हणून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये आणि दिवसा जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचा, मुठीत धरून ऊब दिली तरी चालू होतो. आणि लोहगाव एअरपोर्टवरून विमानाने निघणार असाल तर लायटर हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, तेव्हा डेहराडूनला उतरून बाजारातूनच दोन घ्या, तिथेही आधी दहा वेळा पेटवून.