तेलातला डबाबंद ट्यूना: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून झाल्यावर

पहिलंच सांगून टाकते. डब्यातला ट्यूना ताज्या मासळीच्या जागी धरलात तर पैसे वाया गेले असंच वाटेल. तव्यावरच्या सुरमईच्या तुकडीची सर त्याला नाही. तो सोडे, जवळा, सुके बोंबील यांच्या पंगतीत बसणारा जिन्नस आहे: फडताळात निवांत पडून राहणारा आणि बाजारात मासळी नसेल त्या दिवशी जेवण तारून नेणारा.

माझं माहेर रायगडातलं, संसार नागपुरात. समुद्राची मासळी इथे बर्फात बसून येते. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा आवक रोडावते आणि भाव चढतात. माहेरी या दिवसांसाठी सुकी मासळी भरून ठेवायचे. इथे फ्लॅटमध्ये ते जमत नाही. पावसाळी हवेत सोड्यांना किडे होतात, आणि बोंबील भाजायला घेतले की खालच्या मजल्यापर्यंत विचारपूस सुरू होते. डबा हवाबंद असतो, वास नाही, ऊन दाखवायला नको. मध्ये श्रावण आला तरी त्याला काही फरक पडत नाही.

ट्यूना म्हणजे आपला कुपा, गेदर यांच्याच कुळातला मासा. डब्यात बहुधा स्किपजॅक जातीचा असतो. मासा आधी शिजवून, साफ करून डब्यात भरतात, वर तेल घालून झाकण बसवतात आणि मग बंद डबा दाबाखाली ११५ ते १२१ अंशांच्या आसपास तापवतात. म्हणजे घरी येतो तेव्हा तो पूर्ण शिजलेला असतो, आणि स्वयंपाक करताना हेच सारखं ध्यानात ठेवावं लागतं.

विकत घेताना वजनाचे दोन आकडे बघा. १८५ ग्रॅमच्या डब्यात तेल निथळल्यावर मासा साधारण १३० ग्रॅम भरतो. दोन माणसांचं एका वेळचं काम होतं. मोठे तुकडे आणि चुरा असे दोन्ही प्रकार मिळतात. कटलेटला चुरा पुरतो, भातासाठी तुकडे घ्यावेत. तेल कुठलं आहे तेही वाचा. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं असेल तर चव सपाट, पण आपल्या फोडणीला चालतं. ऑलिव्हचं महाग पडतं, ते पाव किंवा सॅलडसाठी ठेवावं.

पाण्यातला ट्यूनाही घेऊन पाहिला. तो कोरडा लागतो, आणि डब्यातलं पाणी शेवटी मोरीतच जातं. तेलातला मला आवडतो तो तेलासाठीच. माशाचा अर्क त्या तेलात उतरलेला असतो, ओमेगा-३ चाही काही भाग त्यात गेलेला असतो. ते ओतून देणं म्हणजे विकत घेतलेल्यातलं चांगलं तेवढं फेकणं. मात्र थेट कढईत ओतू नका. डब्यात माशाचा रसही असतो. तो तापल्या कढईत पडला की असा उडतो की ओटा, भिंत आणि मनगट तिन्ही पुसावी लागतात. डब्यातलं सगळं पातळ वाटीत काढून पाच-दहा मिनिटं ठेवायचं. रस खाली बसतो, तेल वर येतं. वरचं तेल चमच्याने काढून फोडणीला घ्यायचं, खालचा रस भाताच्या पाण्यात.

घरात सगळ्यात जास्त चालली ती भुर्जी. त्याच तेलात ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, वर दोन कांदे चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे. हळद, तिखट, दोन आमसुलं. कांदा-मसाला पूर्ण तयार झाला की गॅस बारीक करून ट्यूना घालायचा, हलक्या हाताने दोन मिनिटं फिरवायचा, कोथिंबीर टाकून उतरवायचा. जास्त परतला की धागे कोरडे पडतात आणि घशाशी अडकतात. मीठ अगदी शेवटी, चाखून. डब्यातच बऱ्यापैकी असतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर बेत छान होतो.

सोड्यांच्या खिचडीच्या धर्तीवर भातही जमतो, फक्त क्रम उलटा. सोडे तांदळाबरोबर शिजतात. इथे भात मसाल्यात शिजवून घ्यायचा, गॅस बंद करायचा, मग तुकडे पसरून दहा मिनिटं झाकण ठेवायचं. कटलेटसाठी मात्र तेल दाबून पूर्ण काढा, नाहीतर रव्यात घोळवलेलं कटलेट तव्यावर फुटतं. खोबऱ्याच्या कालवणात हा मासा घालूच नये. तुकडे विरघळतात, रस्सा गढूळ होतो, आणि तिरफळापुढे त्याची चव कुठल्या कुठे जाते.

आता साठवण. बंद डबे वर्षानुवर्षं टिकतात हे खरं, पण नागपूरचा मे महिना ४५ अंशांना टेकतो. गॅसच्या वरच्या कपाटात किंवा माळ्यावर ठेवले तर चव उतरते. मी सगळ्यात खालच्या, भिंतीलगतच्या कप्प्यात ठेवते. एकदा ऑनलाइन मागवलेल्यातला एक डबा शिवणीवर, म्हणजे पत्र्याच्या जोडावर, चेपून आला. दुकानाने पैसे परत दिले, डबा मी टाकून दिला. अंगावरचा बारीक पोचा चालतो, शिवणीवरचा नाही. फुगलेला डबा किंवा उघडताना फसकन पाणी उडालं तर चाखूनही बघू नये. बोटुलिझमच्या, म्हणजे अशा अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या, विषाला वास असेलच असं नाही.

उघडल्यावर उरलेला ट्यूना काचेच्या डब्यात, वर तेल येईल असा भरून लगेच फ्रीजमध्ये. तीन, फार तर चार दिवस. वर तेलाचा थर आहे म्हणून जास्त टिकेल असं समजू नका. त्या तेलात कच्चा लसूण घालून बाहेर ठेवणं तर धोक्याचंच. ऑलिव्हचं तेल फ्रीजमध्ये पांढरं, रवाळ होतं; बाहेर काढलं की पूर्ववत होतं. पण वीज तासन् तास गेली आणि फ्रीज कोमट झाला तर उरलेलं टाका. ट्यूनासारख्या माशात उष्णतेने हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं आणि ते पुन्हा उकळूनही जात नाही. खाताना जीभ मिरीसारखी चुरचुरली तर तिथेच थांबा.

कधी काचेच्या बारीक तुकड्यांसारखे खडे सापडतात. माझ्या सासूबाई घाबरल्या होत्या. ते बहुधा स्ट्रुव्हाइट असतं, माशातल्याच क्षारांचे निरुपद्रवी स्फटिक. गरम व्हिनेगरमध्ये टाका: विरघळले तर स्फटिक, नाही विरघळले तर खरीच काच, मग डबा टाकून तक्रार करा.

रोज खायची ही वस्तू नाही, पारा हे एक कारण. स्किपजॅकमध्ये तो अल्बाकोर या ट्यूनाच्या दुसऱ्या जातीपेक्षा कमी असतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं. आमच्याकडे आठवड्याला एक डबा पुरतो.

रिकामा डबा तसाच टाकला तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरभर वास. चमचाभर बेसनाने आतलं तेल पुसून घ्या आणि मग गरम पाण्याने धुवा. झाकणाची कड भलतीच धारदार असते, ते डब्याच्या आत घालून डब्याचं तोंड दाबून बंद करा. कचरा वेगळा करणाऱ्या बायकांचे हात कापतात.