“उरलेलं डांबर आहे, स्वस्तात लावून देतो”: ड्राइव्हवेच्या नावाखाली झालेली लूट

फॉल, म्हणजे पानगळीचा ऋतू, सुरू झाला की मध्य न्यू जर्सीतल्या वस्त्यांमधून पाटी नसलेले पिकअप ट्रक हिंडू लागतात. मागे एक टाकी, दोन-तीन पोरं, आणि पुढे एक गोड बोलणारा माणूस. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला असाच एक ट्रक माझ्या आत्याच्या दारात थांबला आणि ड्राइव्हवे, म्हणजे घरापुढची गाडीची डांबरी वाट, दुरुस्त करण्याच्या नावाखाली तासाभरात १,९०० डॉलर घेऊन गेला. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. तिच्या पिढीतली, १९७० च्या दशकात इकडे आलेली, मुलं दूरच्या राज्यांत गेल्यामुळे मोठ्या घरात दोघंच राहणारी खूप माणसं आपल्यात आहेत, आणि हे ट्रक नेमके त्यांचीच दारं शोधतात.

आत्या भोळी नाही. तिने हॉस्पिटलच्या हिशेब खात्यात आयुष्य काढलं आहे, आजही घराचा टॅक्स ती स्वतः भरते. हे मुद्दाम सांगते, कारण अशी गोष्ट ऐकली की लोक पहिल्यांदा “म्हाताऱ्या माणसांना कळत नाही” असं म्हणून मोकळे होतात. तिला सगळं कळत होतं. त्या माणसाने सांगितलेलं बरंचसं खरंही होतं, आणि तिथेच घात झाला.

तो म्हणाला, “मॅम, तुमच्या ड्राइव्हवेला भेगा पडल्या आहेत. या हिवाळ्यात त्यांत पाणी जाईल, गोठेल आणि सगळं उखडेल.” यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. आपल्या घरापुढचा काळा ड्राइव्हवे म्हणजे खडी, वाळू आणि त्यांना धरून ठेवणारं डांबर. उन्हाने आणि हवेने ते डांबर वर्षानुवर्षं सुकत जातं, काळ्याचं राखाडी होतं, कडक आणि ठिसूळ बनतं, मग बारीक भेगा पडतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठून तिला रुंद करतं, दुपारी वितळून आणखी खोल जातं, रात्री पुन्हा गोठतं. न्यू जर्सीचा हिवाळा तर याच उघडझापीचा. तापमान गोठणबिंदूच्या आजूबाजूला सारखं वरखाली होत राहतं. म्हणून दर दोन-चार वर्षांनी भेगा भरून वरून सील कोट, म्हणजे संरक्षक काळा थर, द्यावा लागतो. गावाकडे पावसाळ्याच्या आधी घर शाकारतात, तसंच हे काम. ते करणारे प्रामाणिक लोकही इथे भरपूर आहेत.

पुढचं वाक्य मात्र सापळ्याचं होतं. “पलीकडच्या गल्लीत काम केलं, माल उरला आहे. परत नेला तर फुकट जाईल. तुम्हाला गॅलनला फक्त ८ डॉलरने लावून देतो.” आत्याने विचारलं, एकूण किती होतील? तो म्हणाला, फार नाही, लागेल तेवढंच लावू. ती काकांना उठवायला आत गेली. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यांना उठून बाहेर यायला वेळ लागला. तोवर पोरांनी फवारा सुरू करून अर्धा ड्राइव्हवे काळा केला होता. आत्या “थांबा, थांबा” म्हणत राहिली. आता मध्येच थांबलो तर सगळं खराब होईल, असं तिलाच ऐकवण्यात आलं.

काम संपल्यावर हिशेब निघाला ३५० गॅलनचा. २,८०० डॉलर.

हा आकडा नीट पाहा, कारण सगळी लबाडी त्यात आहे. आत्याचा ड्राइव्हवे साधारण ८०० चौरस फुटांचा आहे. सील कोटचा एक गॅलन एका थराला ढोबळमानाने ८० ते १०० चौरस फूट पुरतो. म्हणजे नीट दोन थर दिले तरी १६ ते २० गॅलन लागतात. त्याच्याच भावाने फार तर १६० डॉलर. ३५० गॅलन खरोखरच ओतले असते तर त्या अंगणात जवळजवळ पाऊण इंचाचं तळं साचलं असतं. पण दारात चार धिप्पाड माणसं उभी असताना, त्यातला एक आवाज चढवून “आम्ही आमचं काम केलं आहे” म्हणत असताना कोण कागद-पेन्सिल घेऊन बसणार? काकांनी हुज्जत घातली, तेव्हा त्याने उपकार केल्यासारखा चेहरा करून आकडा १,९०० वर आणला. भाव गॅलनचा सांगायचा आणि एकूण रक्कम काम झाल्यावर फोडायची, ही यांची ठरलेली पद्धत आहे. कधी गॅलनऐवजी चौरस फूट असतो, एवढाच फरक.

चेक कंपनीच्या नावाने घेतला नाही. “माझ्याच नावाने लिहा, बँकेला सोपं जातं.” त्याच दुपारी तो वटला. आत्याला संशय येऊन तिने बँकेला फोन केला तेव्हा थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि लावलं काय? तिसऱ्या दिवशीही ते सुकलं नव्हतं. आत्या म्हणते, पहिल्यापासून रॉकेलसारखा वास येत होता. चांगला सील कोट पाण्यात मिसळलेला असतो. तो वाळला की बोटाला लागत नाही, एक-दोन दिवसांत गाडी चालवता येते. हे चिकट, तेलकट होतं. त्यात जळकं इंजिन ऑइल होतं की डिझेल, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नुसतं काळं दिसायला दोन्ही पुरतात, आणि दोन्हींनी खालचं डांबर मऊ होऊन सुटतं, एवढं मात्र नक्की. पहिल्या पावसात काळं पाणी फूटपाथवर आणि तिथून रस्त्याच्या गटारात वाहत गेलं. ही गटारं पुढे ओढ्या-नद्यांना मिळतात, त्यामुळे ती घाण काढण्याचा खर्चही शेवटी आपण सगळेच भरतो. चपलांना लागून आलेले डाग हॉलच्या गालिच्यावरून अजून गेलेले नाहीत.

भेगा तर त्यांनी भरल्याच नव्हत्या. वरून रंग फासला होता. सील कोट हा पातळ थर असतो, भेग बुजवणं त्याचं कामच नाही. आधी झाडून, हवेने उडवून, गवत काढून, तेलाचे डाग धुऊन त्यांवर प्रायमर लावायचा, भेगांत गरम रबरी डांबर भरायचं, आणि मग दोन पातळ थर, पहिला वाळल्यावर दुसरा. तासाभरात हे होत नाही. शिवाय नोव्हेंबरात ते करूच नये. हवा ५० फॅरनहाइटच्या वर हवी, पुढचे २४ तास ती त्याखाली जाऊ नये आणि पाऊस नसावा, तरच थर धरतो. त्या आठवड्यात रात्री पाणी गोठत होतं. मार्च उजाडला तेव्हा गराजच्या तोंडाशी असलेली भेग मनगटाएवढी रुंद झाली होती आणि तिथला एक तुकडा हातात उचलून आला.

मला हे सगळं समजलं डिसेंबरात, तेही गालिच्यावरचे डाग दिसले म्हणून. तोवर आत्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलांना नाही, शेजारणीला नाही. “अगं, मुलं म्हणतील आता तुम्हाला एकटं ठेवायला नको,” म्हणाली. या वाक्याने मला पैशांपेक्षा जास्त त्रास झाला. पैसे गेले ते गेले, पण त्या भामट्यांनी एका स्वाभिमानी बाईच्या मनात स्वतःच्याच घरात राहायची भीती घातली. ज्यांचे आई-वडील इथे एकटे राहतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: असं काही कळलं तर पहिलं वाक्य “तुम्ही चेक दिलाच कसा?” हे नसू द्या.

आम्ही पोलिसांत गेलो. सुरुवातीला “काम झालं, पैसे दिले, हा दिवाणी मामला आहे” असं ऐकावं लागलं. मग गॅलनचा हिशेब, फोटो आणि चेकची प्रत पुढे ठेवली तेव्हा रिपोर्ट लिहून घेतला गेला. राज्याच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडेही, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या खात्याकडेही, तक्रार केली. त्या निमित्ताने कायदा वाचला, आणि तो किती आपल्या बाजूचा आहे हे पाहून हळहळ वाटली, कारण हे आधी माहीत असतं तर तो माणूस दारातूनच परत गेला असता.

न्यू जर्सीत घराची दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराला राज्याकडे नोंदणी करावी लागते, आणि ड्राइव्हवेचं काम त्यात येतं. नोंदणी क्रमांक १३व्हीएच (13VH) ने सुरू होतो. तो कागदपत्रांवर आणि इथल्या व्यावसायिक गाडीवर लिहिलेला असला पाहिजे, आणि डिव्हिजनच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. ५०० डॉलरच्या वरचं काम असेल तर लेखी करार सक्तीचा. त्यात कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता, कामाचं वर्णन, तारखा आणि एकूण रक्कम हवी. राज्याच्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली कोर्टात नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळू शकते. केंद्राचाही नियम आहे: घरी येऊन केलेल्या २५ डॉलर किंवा त्याहून मोठ्या विक्रीत, कामकाजाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत सौदा रद्द करता येतो, आणि विक्रेत्याने रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती स्वतःहून द्यायच्या असतात. शनिवार त्यात धरतात, रविवार नाही.

हे सगळं चालतं ते माणूस सापडला तर. आत्याकडे पावती नव्हती, ट्रकवर नाव नव्हतं, नंबरप्लेट दुसऱ्या राज्याची होती आणि दिलेला फोन बंद. चेकवरच्या नावाने नोंदणी सापडली नाही. पैसे आजवर परत आलेले नाहीत. म्हणून हे हक्क काम सुरू होण्याच्या आधी वापरायचे आहेत. दाराशी आलेल्याला एवढंच म्हणा: नोंदणी क्रमांक द्या, एकूण रक्कम कागदावर लिहून द्या, मी उद्या कळवते. “माल आजच संपवायचा आहे” असं उत्तर आलं की दार लावून घ्या. बऱ्याच टाउनशिपमध्ये (इथल्या नगरपालिकांत) दारोदार फिरून विक्री करायला परवाना लागतो, तोही मागा. न विचारता फवारा सुरू केला तर वाद घालत बसू नका, पोलिसांना बोलवायला ९११ लावा. घरात एकट्या असलेल्या बाईने तर बाहेर येऊच नये, दाराच्या आतूनच फोन करावा. आणि शक्य तिथे क्रेडिट कार्ड वापरा. त्यावर बँकेकडे वाद मांडता येतो, वटलेल्या चेकवर जवळपास काहीच करता येत नाही.

कोणता माल लावणार हेही विचारा. कोळशाच्या डांबरापासून बनलेल्या सील कोटमध्ये आरोग्याला घातक रसायनं मोठ्या प्रमाणात असतात. टेक्सासच्या ऑस्टिन शहराने त्यावर २००६ मध्ये बंदी घातली, मिनेसोटाने २०१४ पासून राज्यभर. अंगणात नातवंडं खेळत असतील तर पेट्रोलियम डांबराचं इमल्शनच (पाण्यात मिसळलेलं डांबर) मागावं.

या मे महिन्यात आत्याच्या शेजाऱ्यांनी सुचवलेल्या माणसाकडून काम करून घेतलं. त्याने चाकाच्या मापाने अंगण मोजलं, गराजजवळचा भाग कापून नवं डांबर घालायचं ठरवलं, आधीचं तेल धुऊन काढल्याशिवाय वरचा थर धरणार नाही हे दाखवलं, आणि सगळ्याची एक रक्कम करारात लिहिली. नव्या डांबराच्या तुकड्यावर लगेच सील कोट द्यायला त्याने नकार दिला. तो भाग किमान सहा महिने उघडा राहू दे, म्हणाला. ठरलेल्या दिवशी सकाळी फोन करून पाऊस आहे म्हणून काम पुढे ढकललं. पैसे शेवटी, कार्डाने घेतले.

आत्याच्या चेकच्या दोन्ही बाजूंची प्रत पोलिसांकडे आहे. मागच्या बाजूला सही आणि तो कुठे वटला याचा शिक्का असतो. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं की त्याच नावावर आणखी तक्रारी आल्या तर हा एका घराचा वाद राहत नाही, टोळीचा गुन्हा म्हणून पाहता येतो. तुमच्या घरून किंवा तुमच्या ओळखीच्या काका-काकूंकडून असा चेक गेला असेल, तर कितीही महिने उलटले असले तरी बँकेकडून दोन्ही बाजूंची प्रत मागून घ्या आणि आपल्या टाउनशिपच्या पोलिसांकडे नोंदवा.