बदामाच्या दुधात काय घालायचं: ग्वार, झँथन की जेलन?

बदामाचं दूध रात्री बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी त्याचे तीन थर दिसतात. तळाला पांढरा साका, मधे निवळीसारखं पाणी आणि वर तेलकट कडं. घरी प्यायचं असेल तर बाटली हलवायची आणि प्यायचं. दोन दिवसांत संपणाऱ्या दुधात काहीही घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विकायचं म्हटलं की मात्र गिऱ्हाईक ते थर बघून ‘नासलंय’ म्हणतं आणि बाटली परत येते. मी पुण्यात छोट्या प्रमाणावर बदाम आणि सोयाचं पेय बनवते. नव्याने सुरुवात करणारे मला हमखास विचारतात, कुठला गम (पेय दाट करणारी किंवा कण धरून ठेवणारी पूड) घालू?

आधी तुमच्या बाटलीचं दुखणं ओळखा. साका बसणं, तेल वर येणं आणि कॉफीत फाटणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. एकाच पुडीत तिन्हींचं औषध मिळत नाही. आणि गम विकत घेण्याआधी गाळणं सुधारा. कण निम्मा केला की तो खाली बसण्याचा वेग एक चतुर्थांशावर येतो. म्हणून दूध एकदा चाळणीतून आणि मग दुहेरी मलमलीतून वस्त्रगाळ करा. माझा निम्मा साका तिथेच गेला.

ग्वार गम म्हणजे आपल्या गवारीच्या बियांची पूड. राजस्थानात तिचं अमाप पीक येतं, त्यामुळे स्वस्त आणि कुठेही मिळते. थंड पाण्यातही फुगते, तापवायची गरज नाही. लिटरला दीड-दोन ग्रॅम लागते. पण ती दूध फक्त दाट करते. साका बसायचा थांबत नाही, सावकाश बसतो. बदामासारख्या नाजूक चवीत तिचा कच्च्या शेंगेसारखा वास कळतो. चॉकलेटच्या पेयात कळत नाही. शिवाय ती हळूहळू फुगते. मिक्सरमध्ये पातळ वाटलं म्हणून आणखी चमचाभर घातली की सकाळी बाटलीत खळ तयार! श्रावणात गिऱ्हाईक विचारतं, ‘उपासाला चालेल ना?’ गवार उपासाला चालत नाही, तेव्हा खरं ते सांगावं लागतं.

झँथन जिवाणूंच्या मदतीने साखर आंबवून बनवतात. तेही थंडीत विरघळतं. बाटली स्थिर असताना ते कणांना धरून ठेवतं आणि ओतताना सैल होतं, हा त्याचा मोठा गुण. लिटरला अर्धा ग्रॅम पुरतो. एक ग्रॅमच्या पुढे गेलात की दूध बुळबुळीत लागतं, ओतताना भेंडीच्या रसासारखी तार धरतं. ग्वार आणि झँथन एकत्र घातले तर एकमेकांचा दाटपणा वाढवतात, तेव्हा दोन्हींचं माप कमी करावं लागतं.

जेलनही आंबवूनच बनतं आणि माझा कौल त्यालाच आहे. लिटरला फक्त ०.३ ग्रॅम. दूध जिभेला पातळच लागतं, पण आत न दिसणारी सैल जाळी तयार होते आणि कण तिच्यात अडकून राहतात. कॅल्शियम मिसळलेल्या पेयांच्या डब्यांवर जेलनचं नाव वारंवार दिसतं ते याचमुळे. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूचीच पूड, एरवी ती तळाला जाऊन बसते. अट एवढीच, की दूध ८५–९० अंशांपर्यंत तापवायला हवं आणि निवताना ढवळत राहायला हवं. पहिल्या खेपेला मी अंदाजाने चिमूटभर घातलं आणि पातेलं तसंच निवायला ठेवलं. सकाळी चार लिटर दूध खरवसासारखं थरथरत होतं. सगळं टाकून द्यावं लागलं, आणि त्याच दिवशी सोनारकाटा घेतला.

विकत घेताना एक गोष्ट पक्की विचारा. जेलन दोन प्रकारचं असतं, हाय-असिल आणि लो-असिल. दुधाला हाय-असिल हवं. लो-असिल एकट्याने कडक, ठिसूळ जेली करतं. किलोमागे जेलन ग्वारपेक्षा कितीतरी महाग आहे, पण माप इतकं कमी की बाटलीमागे फरक थोडाच पडतो. आणि विकायचं दूध सुरक्षिततेसाठी तुम्ही तापवणारच असाल, तर वेगळी मेहनतही नाही.

कॅराजीनन समुद्री शेवाळातून येतं. गाईच्या दुधातल्या केसीन या प्रथिनाशी त्याचं छान जमतं. वनस्पतीच्या दुधात केसीनच नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

तेलकट कड्यासाठी लेसिथिन, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ. लिटरला एक ते दोन ग्रॅम सूर्यफुलाचं लेसिथिन मिक्सरमध्ये जोरात फिरवा. साका मात्र त्याने थांबत नाही. सोयाबीनमध्ये ते मुळातच असतं, तिथे वेगळं नको. नारळाच्या दुधात तेल खूप, तिथे लेसिथिन आणि थोडा ग्वार पुरतो. ओट्समध्ये स्टार्चच इतका असतो की आधी काहीही न घालता बघा.

कॉफीत फाटण्यावर यातला कुठलाच गम नीट चालत नाही. काळी कॉफी आंबट असते, तिचा पीएच ५ च्या आसपास (हा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त). सोयाचं प्रथिन साधारण ४.५ ला गोळा होतं, आणि उष्णतेने ते आणखी लवकर घडतं. कॅफेला माल द्यायचा असेल तर लिटरला एक-दीड ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट हा आंबटपणा आवरणारा क्षार घालावा लागतो. घरी मात्र दूध आधी कोमट करा आणि कॉफी त्यात हळूहळू ओता.

कुठलाही गम थेट दुधात टाकू नका, माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात. दहापट पिठीसाखरेत कोरडाच कालवा आणि मिक्सर चालू असताना वरून भुरभुरवा.

लेबलवर ‘स्टॅबिलायझर’ आणि त्याचा आयएनएस क्रमांक (खाण्यात मिसळायच्या पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) हवा: ग्वार ४१२, झँथन ४१५, जेलन ४१८. लेसिथिन ३२२ मात्र ‘इमल्सिफायर’ म्हणून लिहायचं. बदाम किंवा सोयाच्या पेयावर ‘दूध’ छापता येत नाही, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२१ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना ‘दूध’ म्हणवणारी अशी उत्पादनं यादीतून हटवायला सांगितलं होतं. नवीन माप ठरवलं की एक बाटली फ्रिजच्या मागच्या कप्प्यात न हलवता सात दिवस ठेवा आणि साका जिथवर आलाय तिथे रोज बाहेरून पेनाने रेघ मारा.