पिकअपची थरथर: शाफ्टचं काम करून सात महिने झाले

माझी पिकअप २०११ ची. अंबड तालुक्यातून जालन्याच्या मार्केटला मोसंबी न्यायची, हंगामात सोयाबीन, एरवी मिळेल ते भाडं. मागच्या ऑक्टोबरात आंबे बहाराचा माल सुरू झाला आणि गाडी पंचावन्नच्या पुढं गेली की सीटखालून थरथर यायला लागली. नोव्हेंबरात शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या दोन तुकड्यांच्या लांब दांड्याचं, काम केलं. त्यानंतर गाडी साधारण १४,००० किलोमीटर पळाली, म्हणून आता खात्रीनं लिहितोय.

सुरुवातीला पैसे चाकांवर गेले. दोनदा बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट, मागचे दोन टायर नवीन. काडीचाही फरक नाही. एका गॅरेजात इंजिनाचं माउंटिंग बदलून दिलं, तरी तेच.

शेवटी गावाकडच्या जुन्या मिस्त्रीमामांकडं गेलो. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. म्हणाले, "दादा, आधी रस्त्यावर चला. मी शेजारी बसतो." मोकळा रस्ता बघून साठच्या वेगात मला न्यूट्रल करायला लावलं. इंजिन आयडलला आलं, थरथर होती तशीच. मग साठलाच चौथा गिअर, पाचवा गिअर. तरी तीच. इथंच इंजिन आणि क्लच यादीतून गेले, कारण दोष इंजिनात असता तर गिअर बदलल्यावर थरथरही बदलली असती. स्टिअरिंग शांत होतं, म्हणून पुढच्या चाकांवरचा संशय कमी झाला. डॅशबोर्डवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली होती, तिच्यातल्या पाण्यावर अगदी बारीक जाळी उठत होती. मामांनी तिच्याकडं बोट केलं. "चाक असतं तर पाणी हेलकावलं असतं. हे लई जोरात फिरणाऱ्या वस्तूचं काम हाय."

घरी येऊन मी हिशेब मांडला. माझ्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर. साठच्या वेगात चाक मिनिटाला साधारण ४५० फेरे मारतं, सेकंदाला सात-आठ. मागच्या हौसिंगचा (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीचा) रेशो चारच्या जवळपास, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साधारण चार, त्यामुळं शाफ्ट मिनिटाला १,८०० च्या आसपास फिरतो, सेकंदाला तीस. सात-आठचा धक्का अंगाला मोजता येतो. तीसची नुसती झिणझिण लागते. माझ्या मते निदानातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि तिला एक रुपया लागत नाही.

दुसऱ्या दिवशी चाकांना चारी बाजूंनी दगड लावून अडवलं, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, आणि दोघं खाली शिरलो. मधल्या क्रॉसच्या (शाफ्टचे भाग कोनात जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) कपाभोवती, म्हणजे त्याच्या दांडीवरच्या टोपीभोवती, लालसर भुकटी साचली होती. ग्रीस संपून आतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्याची ती खूण. क्रॉस काढल्यावर त्याच्या दांडीवरून नख फिरवलं तर सुयांच्या रेघा नखाला अडकत होत्या. शाफ्टला मधोमध पेलणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर एका बाजूनं फाटलेलं. भरल्या गाडीला उचलताना पहिल्या गिअरात जो धडधडाट व्हायचा, तो याचाच.

पण मूळ दुखणं निराळंच निघालं. पावसाळ्यात एका ठिकाणी मागचा क्रॉस बदलला होता. तेव्हा शाफ्ट खूण न करता ओढून काढला आणि बसवताना जोडाचे दाते चुकवून बसवला. मागच्या शाफ्टच्या दोन टोकांचे कान (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत नव्हते. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्यानं फिरवलेला भाग एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो, दोनदा मंदावतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक भरून काढतो, पण कान एका रेषेत असतील तरच. रिकाम्या गाडीला हे फारसं जाणवलं नाही. मोसंबी भरली, स्प्रिंगचे पाटे दबले, कोन बदलला आणि दोष उघडा पडला.

तिन्ही क्रॉस नवे, सेंटर बेअरिंग नवं, आणि शाफ्ट संभाजीनगरला नेऊन बॅलन्स करून घेतला. मजुरीसकट साडेपाच हजारांच्या आत काम झालं. टायर-माउंटिंगवर यापेक्षा जास्त घातले होते. जोडताना दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची सलग रेघ मारून घेतली. तुमचा शाफ्ट कोणीही खोलो, ही रेघ आधी मारायला लावा, मिस्त्री कितीही घाईत असला तरी.

मार्चमध्ये मृग बहाराचा पूर्ण माल भरून फेऱ्या केल्या. साठ-पासष्टला बाटलीतलं पाणी स्थिर. उचलताना धडधड नाही. दर महिन्याला निपलमधून (ग्रीस भरायच्या तोटीतून) ग्रीस देतो, चारही कपांच्या कडेनं नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत. एका क्रॉसला निपल नाही, बंद प्रकारचा आहे. पुन्हा घ्यायची वेळ आली तर निपलवालाच घेईन. आपल्याकडच्या धुळीत तोच बरा.

एक गोष्ट राहिलीय. पंचाहत्तरच्या पुढं अॅक्सिलरेटर सोडला की मागून बारीक गुणगुण येते आणि पाय दिला की थांबते. हा आवाज आहे, थरथर नाही, आणि मामांना हौसिंगच्या पिनियन बेअरिंगचा (शाफ्ट जिथं हौसिंगला जोडतो तिथल्या गिअरच्या बेअरिंगचा) संशय आहे. पेरणीआधी ऑइल काढून त्यात चुरा येतो का ते बघणार आहे.